दहा महिन्यांचं बाळ, चार वर्षांची मुलगी आणि मे महिन्यातलं कोकण

ताई, तुम्ही विचारलंय की मे मध्ये बडोद्याहून निघून गुहागरला व्याडेश्वरापाशी दहा महिन्यांच्या मुलाचं जावळ करायचं, मग गणपतीपुळे, मग तारकर्ली, शेवटी गोवा, एकूण आठ दिवस, बरोबर चार वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे, तर काय काळजी घ्यायची आणि कुठली औषधं न्यायची. आणि शेवटी लिहिलंय की इथे ४३ डिग्रीत राहणाऱ्या मुलांना तिथल्या ३३ डिग्रीचं काय एवढं. मी लहान मुलांची डॉक्टर आहे, दांडिया बझारकडे दवाखाना, आपल्याकडच्या पुष्कळ मराठी घरांची कुलदैवतं तिकडेच असल्यामुळे सुट्टी संपली की कोकणातून परत आलेली मुलं दरवर्षी तपासते. म्हणून सुरुवात तुमच्या त्या ३३ पासूनच करते, कारण सगळं तिथेच अडतं.

बडोद्यात मे महिन्यात माठातलं पाणी कसं मस्त गार होतं, तेच कोकणात किनाऱ्यावर तेवढं गार होत नाही, कारण हवेतच इतकी वाफ असते की माठाच्या अंगावरचं पाणी उडत नाही. मुलाच्या अंगावरच्या घामाचंही अगदी हेच होतं. घाम येतो, टपकतो, कपडे ओले होतात, पण उडत नाही, आणि घाम उडाला नाही तर अंग थंड होत नाही. त्यात लहान मुलांना मोठ्यांपेक्षा घाम कमी येतो, वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचा पसारा जास्त असतो म्हणून बाहेरची उष्णता पटकन आत जाते, आणि दहा महिन्यांचं बाळ तहान लागली हे सांगू शकत नाही, फक्त किरकिर करतं आणि आपण म्हणतो झोप आलीये. आणि बडोद्यात आपण दुपारी मुलांना बाहेर काढतच नाही, पडदे ओढून घरात ठेवतो, पण कोकणात आकडा कमी दिसतो, समोर समुद्र दिसतो, वारा लागतो, त्यामुळे तीच आई-बाबा दुपारी १२ वाजता मुलांना वाळूत सोडतात. शरीराला नवीन हवेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तेवढ्यात तर तुमची ट्रिप संपलेली असते, म्हणजे मुलं पूर्ण वेळ सवय नसलेलीच असणार असं धरूनच प्लॅन करा.

आता प्लॅन. स्पष्ट सांगते, तारकर्ली आणि गोवा या वेळी काढून टाका. चार ठिकाणं आठ दिवसांत म्हणजे दर दोन दिवसांनी सामान बांधा, गाडीत बसा, नवीन रूम, नवीन पाणी, बाळाची झोप मोडली, मुलीचं जेवण चुकलं, आणि माझ्या अनुभवात आजारी पडून येणारी मुलं बहुतेक अशाच धावपळीच्या ट्रिपमधून आलेली असतात. गुहागरलाच मुक्काम टाका, जावळ करा, दोन-तीन दिवस नुसतं राहा, मग वाटलं तर तवसाळ-जयगडच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून गणपतीपुळ्याला दोन रात्री. गाडीसकट बोटीत चढायचं, मुलीला हाच अर्धा आनंद असतो. हेदवी, वेळणेश्वर जवळच आहेत, सकाळी जाऊन ऊन चढायच्या आत परत येता येतं. गोवा कुठे जात नाही, बाळ तीन वर्षांचं झालं की डिसेंबरात जा. जावळही पुढे ढकलता येत असेल तर नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हे महिने मुलांसाठी कितीतरी सोपे, पण घरच्यांनी मे ठरवलाच असेल तर निदान पहिला पंधरवडा घ्या, शेवटच्या आठवड्यात वळिवाचा पाऊस, लाइट जाणं आणि उकाडा तिन्ही एकदम येतात.

जायचं ट्रेनने. गाडीने म्हणजे मुंबईच्या ट्रॅफिकमधून बाहेर पडेपर्यंतच बाळ कंटाळतं, पुढे ६६ नंबरचा हायवे. बडोद्याहून वसई रोड-पनवेल करून कोकण रेल्वेवर जाणाऱ्या गाड्या आहेत, चिपळूणला थांबणारी बघा, मग चिपळूण ते गुहागर साधारण ४५ किलोमीटर रस्त्याने. मुलीचं वय ५ च्या आत असल्यामुळे तिला तिकीट लागत नाही, पण तरी पूर्ण पैसे भरून तिचा बर्थ घ्याच, रात्रभर एका बर्थवर आई, बाळ आणि चार वर्षांची मुलगी असं झोपून सकाळी उतरलेलं कुटुंब पहिल्याच दिवशी अर्धं आजारी असतं. एसी डब्यात रात्री गारठा होतो, बाळाला पातळ थरांचे कपडे घाला, म्हणजे स्टेशनवर उतरताना एकेक काढता येतील. गुहागरचा रस्ता वळणांचा आहे, मुलीला गाडी लागत असेल तर पोट गच्च भरू नका आणि अगदी रिकामंही ठेवू नका, दोन बिस्किटं किंवा थोडा कोरडा भात, मोबाइल हातात नको, समोर लांब बघायला सांगा. गाडी लागू नये म्हणून मेडिकलवाले जे झोप आणणारं सिरप देतात ते दोन वर्षांखालच्या बाळाला बिलकुल द्यायचं नाही, श्वास मंदावू शकतो.

तिथे पोचल्यावर दिवसाचे दोन तुकडे करा. सकाळी ६ ते ९ बाहेर, मग घरात, परत ५ नंतर बाहेर. मधले सगळे तास पंखा, सावली, झोप, भातुकली, आजी-आजोबांच्या गोष्टी. रूम घेताना समुद्र दिसतो का यापेक्षा दोन बाजूंना खिडक्या आहेत का, जाळ्या आहेत का, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का हे फोनवर विचारा. बाळाला दिवसातून दोनदा साध्या पाण्याने आंघोळ, सुती सैल झबलं, घामोळं आलं तर पावडरचे थर लावू नका आणि खोबरेल तेलही चोपडू नका, दोन्हीने घामाची तोंडं बुजतात, नुसतं थंड पाण्याने पुसून कोरडं ठेवा. डायपर तिथल्या दमटपणात सर्वात जास्त त्रास देतो, रूममध्ये असताना बाळाला उघडंच ठेवा, खाली दुपटं घाला, धुवायचं काय ते धुवा.

आणि जावळाबद्दल एक गोष्ट, जी कुणीच लक्षात घेत नाही. बाळाचं डोकं जन्मापासून केसांखाली असतं, त्या कातडीने ऊन कधी पाहिलेलंच नसतं. सकाळी वस्तऱ्याने गोटा केला आणि त्याच दिवशी देवळाचं अंगण, मग बीच, मग फोटो असं झालं तर संध्याकाळी डोकं लालबुंद होऊन पोळलेलं असतं. म्हणून जावळ अगदी सकाळी लवकर, ब्लेड नवीन आणि तुमच्यासमोर उघडलेलं, झालं की साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा, सुती टोपडं घाला आणि तो दिवस रूमवरच. उघड्या डोक्याने तो पुढचे सगळे दिवस उन्हात जाणार नाही हे आजोबांनाही सांगून ठेवा, त्यांना नातवाला मिरवायचं असतं. सनस्क्रीन सहा महिन्यांनंतर चालतं, एसपीएफ ३० किंवा वर, आधी घरी हातावर थोडं लावून दोन दिवस बघा, पण सावली आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हे आधी, क्रीम त्यानंतर.

पिण्याचं. बाळ दहा महिन्यांचं आहे म्हणजे अंगावरचं दूध चालूच ठेवा, मागेल तेव्हा, आणि तिथे नेहमीपेक्षा जास्त वेळा मागणार. (तुमच्या ग्रुपमध्ये कुणाचं सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर त्याला उन्हाळ्यातही वरचं पाणी द्यायचं नाही, फक्त दूध, जास्त वेळा.) वरचं पाणी उकळून, खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, मग झाकून गार. पावडरचं दूध देत असाल तर ते प्रत्येक वेळी ताजं करा, एकदा बाळाने तोंड लावलं की तासाभरात संपवा नाहीतर टाका, त्या हवेत दूध पटकन नासतं. आजी गुटी उगाळत असतील तर आठ दिवस सुट्टी, सहाण कुठल्या पाण्याने धुतली ते आपल्याला माहीत नसतं.

शहाळं मुलीला जरूर द्या, समोर फोडलेलं. बाळालाही दोन-चार चमचे चालतं. पण जुलाब लागले तर शहाळं हे ओआरएसच्या जागी नाही, त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, आणि जुलाबात मुलाला सोडियमच हवं असतं. इथे थोडी थांबते कारण ट्रिपमध्ये मुलांचं सर्वात जास्त काही बिघडत असेल तर ते पोट, आणि त्याचं औषध इतकं स्वस्त आहे की लोकांना ते औषध वाटतच नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये करून लोकांना पाजायला लावलं आणि मृत्यू एकदम खाली आले. तेच आपलं आजचं ओआरएस. मेडिकलमधून डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्याची पावडरची पॅकेट्स घ्या, मोठं पॅकेट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं, छोटं २०० मिलीत, अर्धं पॅकेट अंदाजाने टाकायचं नाही, चवीला साखर वाढवायची नाही, आणि केलेलं २४ तासांनी फेकायचं. फळांच्या स्वादाचे गोड टेट्रापॅक ओआरएस समजून घेऊ नका, त्यात साखर इतकी असते की जुलाब वाढतात, म्हणून तर २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याने, अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, मुलीला १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्याने, एक-दोन मिनिटांनी एक चमचा, घाई नाही. बाटलीने गटागटा दिलं की परत उलटी होते आणि लोक म्हणतात ओआरएस पचत नाही. सोबत झिंक, त्याचा डोस निघण्याआधी तुमच्या डॉक्टरकडून लिहून घ्या. अंगावरचं दूध आणि मऊ भात चालू ठेवायचा, उपाशी ठेवायचं नाही. जुलाब थांबवायच्या मोठ्यांच्या गोळ्या मुलांना कधीही नाहीत.

खाण्यात, नवीन पदार्थ पहिल्यांदा ट्रिपमध्ये नको. मासे, कोळंबी, काजू यातलं जे बाळाने खाल्लेलं नाही ते घरीच आधी करून बघा, अंगावर पित्त उठलं तर इथे मी आहे, तिथे रात्री ९ वाजता कुणाला शोधणार. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, प्रसादाच्या पंचामृतात असतो, तिथे लक्ष ठेवा. आणि कोकणात घशात अडकणाऱ्या गोष्टी पावलोपावली आहेत, फणसाचा गरा तर इतका बुळबुळीत की सरळ खाली सरकतो, बाळाला नाहीच, मुलीला आठळी काढून बारीक तुकडे करून आणि बसवून. आख्खे काजू, जांभळाच्या बिया, करवंदं हेही तसंच. घावणे, आंबोळी, गरम भात-तूप-मीठ, समोर केलेलं काहीही गरम गरम उत्तम. सोलकढी नारळाच्या दुधाची असते, दुपारची रात्री नको.

समुद्र. गणपतीपुळ्याचा किनारा देखणा आहे पण पाण्यासाठी मला भीती वाटते, तिथे वाळू एकदम खोल जाते आणि ओढ आहे, पोहता येणारी मोठी माणसं तिथे गेलीत. तिथे मुलांना पाण्यात न्यायचंच नाही, वाळूत खेळा, बस. गुहागरचा किनारा लांबलचक आहे, पण पाण्यात उतरायचं म्हणजे मुलीच्या घोट्याएवढ्या पाण्यात आणि तुमचा हात तिच्या दंडावर, फुगवायच्या ट्यूबवर भरवसा नको. भरती-ओहोटीचा जुना कोकणी हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे साधारण ३ वाजता पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला ६ वाजता भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा लांबच राहा. हे अंदाजे आहे, नक्की वेळ तिथल्या कोळ्यांना विचारा आणि ते नको म्हणाले तर वाद न घालता परत फिरा. मुलांना वाळूत नुसत्या पार्श्वभागाने बसवू नका, खाली जाड चटई घाला, कारण कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतले जंत ओल्या वाळूत असतात, ते कातडीत शिरले की काही दिवसांनी लाल नागमोडी रेघ उठते आणि रात्रभर खाज येते. औषधाने बरं होतं, पण ती रेघ बघून घरात घबराट होते. जेलीफिश लागला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही, चोळू नका, धागे चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात भाग बुडवला की दुखणं उतरतं, पाणी आधी स्वतःच्या हातावर बघून.

डासांसाठी पाळण्यावर मच्छरदाणी हाच पहिला उपाय, झोप दुपारची असली तरी लावा, डेंग्यूचा डास दिवसा चावतो. लावायचं क्रीम दोन महिन्यांवर चालतं पण बाळाच्या हातांना लावू नका, हात तोंडात जातात. बंद खोलीत कॉइल नको. आणि कापूर, हे हात जोडून सांगते, कापराची पुरचुंडी झबल्याला बांधणं किंवा कापराचं तेल छातीला चोळणं बंद. थोडासा कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येतात.

आजोळच्या वाडीत राहणार असाल तर विंचू आणि फुरसं (छोटा विषारी साप) दोन्ही लक्षात ठेवा. चिऱ्याच्या गडग्यात म्हणजे दगडी कुंपणात, लाकडांच्या ढिगाऱ्यात मुलीला हात घालू द्यायचा नाही, चपला झटकून घालायच्या, रात्री टॉर्च. कोकणातला लाल विंचू लहान मुलाच्या हृदयावर परिणाम करतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन नावाच्या साध्या गोळीने ही मुलं वाचवता येतात हे दाखवून दिलं, पण ती गोळी वेळेत मिळायला हवी. म्हणून विंचू असो की साप, मांत्रिक नाही, चिरा देणं नाही, घट्ट आवळून बांधणं नाही, अवयव हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय, सापाची लस तिथेच असते. १०८ ला फोन करा. गुहागरला ग्रामीण रुग्णालय आहे, मोठं काही असेल तर चिपळूणच्या पुढे डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, दोन्हींचे नंबर निघण्याआधी फोनमध्ये आणि एका कागदावरही, रेंज नसते तेव्हा कागद कामी येतो. पुढे कधी तळकोकणात गेलात तर जानेवारी ते मे दोडामार्गकडच्या काजूच्या बागांत, रानात मुलांना नेऊ नका, तिथे गोचिडांमुळे माकडताप होतो.

औषधांची यादी मोठी नकोच. ओआरएस, झिंक, तापाचं पॅरासिटामॉल, थर्मामीटर, झिंक ऑक्साइडचं क्रीम, चिमटा, आणि मुलीची कुठली रोजची औषधं असतील ती. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं, किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तास, दिवसात चारच्या वर नाही. बाळ साडेआठ किलोचं असेल तर साधारण १२५ मिलिग्रॅम. गडबड इथे होते की एका बाटलीत ५ मिलीत १२५ असतात, दुसरीत २५०, आणि थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १००. घरची बाटली संपली, तिथल्या मेडिकलमधून दुसरी घेतली, माप तेच ठेवलं, की डोस दुप्पट. म्हणून इथूनच घेऊन जा आणि बाटलीवर पेनाने दोघांचे मिली लिहा. खोकल्याचं सिरप बॅगेत ठेवूच नका. ताप असेल तर आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन नाही, डेंग्यू असला तर धोका.

थांबायचं कधी नाही तेही सांगते. बाळाने सहा तासांत शू केली नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेले, दूध ओढेना, प्रत्येक घोट उलटून पडतोय, शीत रक्त, झटका, श्वास जोरात, किंवा मूल गळून पडलंय आणि हाक मारल्यावर नीट बघत नाही, यातलं एक जरी असलं तर सकाळची वाट बघू नका. उन्हातून आल्यावर अंग भाजल्यासारखं गरम आणि मूल भ्रमिष्टासारखं करत असेल तर आधी कपडे काढा, साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला, आणि ते करत करतच दवाखाना. अशा वेळी तापाच्या औषधाने काही होत नाही.

निघायच्या चार-सहा आठवडे आधी दोघांना एकदा दाखवून घ्या. बाळाची नऊ महिन्यांची लस झाली का, टायफॉइडची झाली का ते बघता येईल, फ्लूची पहिल्या वर्षी दोन डोसांत महिन्याच्या अंतराने असते म्हणून वेळ लागतो. मुलीची हिपॅटायटिस ए राहिली असेल तर तीही.

आणि परत आल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत कुणालाही ताप आला, मुलांना किंवा सासू-सासऱ्यांना, तर डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य हे की आम्ही कोकणात जाऊन आलो. मलेरिया डास चावल्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी उगवतो, तोपर्यंत ट्रिप विसरलेली असते, आणि तुम्ही सांगितलं नाही तर इथे बडोद्यात सगळे त्याला शाळेतला व्हायरल समजतात. सांगितलंत तर त्याच दिवशी रक्त तपासलं जातं.